बेटावरची सवत

मी कोथरूडच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असलेली जुनी, गियरची स्कूटर बोलतेय. माझं मन साफ नाही, हे आधीच सांगून टाकते. मी जळते. कुणावर, ते पुढे येईलच.

माझा जन्म पुण्याजवळच्याच कारखान्यातला. दुकानात माझ्यासारख्या बहिणी रांगेने उभ्या होत्या, तरी श्यामसुंदररावांनी मलाच पसंत केलं. ते तेव्हा विमा कचेरीत कारकून होते आणि लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्यांनी मला हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग मंदाकिनीबाई साडी सावरून मागे बसल्या, एका बाजूला पाय सोडून, हात नवऱ्याच्या खांद्यावर. खांदा बाईंचा आणि दोघांचा भार माझा, अशी वाटणी त्याच दिवशी ठरून गेली.

काय नाही वाहिलं मी? गॅसचं सिलिंडर, गणपती, आंब्याच्या पेट्या, पुढे उभी राहून वारा खाणारी त्यांची लेक स्पृहा. रविवारी खडकवासल्याला गेलो की ते दोघं धरणाच्या भिंतीवर बसून कणीस खात आणि मी मागे रस्त्याच्या कडेला. आपण दोघंच आलोय असं त्यांना वाटायचं. मी धरून तिघं होतो.

तीन वर्षांपूर्वी घात झाला. रस्ता खणून ठेवलेला, आम्ही जपून चाललो होतो. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. श्यामसुंदरराव पडले अस्सल पुणेकर, उत्तर दिल्याशिवाय पुढे कसे जातील? त्यांनी अख्खी मान मागे वळवली आणि म्हणाले, "एवढी घाई होती तर काल निघायचं होतं." वाक्य पुरं झालं आणि माझं पुढचं चाक खडीत गेलं. बाई डाव्या हातावर पडल्या. हाडात सळई घालावी लागली.

त्यानंतर पार्किंगमध्ये जो भेटेल त्याला ते सांगू लागले, "ऐन वेळी ब्रेकच लागला नाही हो." माझा ब्रेक! अरे, तो दाबला असता तर लागला असता ना. माणसाचं एक मी पाहून ठेवलंय. चूक झाली की ती कुठेतरी ठेवायला त्याला जागा लागते, आणि ज्याला तोंड नाही त्याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. मला कव्हर घातलं आणि ते परत माझ्यावर बसले नाहीत. बाई तर रिक्षातही दांडी घट्ट धरून बसायच्या. वॉचमन सर्जेराव अधूनमधून किक मारून मला धुगधुगी आणायचे, म्हणून जिवंत राहिले.

यंदा स्पृहाने आईबाबांना मोठ्या जहाजाच्या सहलीला पाठवलं. चांगली तीन आठवड्यांची सहल. ती झाडांना पाणी घालायला आली की सर्जेरावांना फोनमधले फोटो दाखवायची. त्यांची खुर्ची माझ्या शेजारीच, त्यामुळे माझ्या कानावर सगळं पडायचं. जहाजावर सात मजले आहेत, बाबा रोज तीन तऱ्हेचं आइस्क्रीम खातात, आईने पोहण्याच्या तलावाकाठी बसून लोकरीचं विणकाम काढलं. मला काही वाटलं नाही. जहाजाला चाकं नसतात. त्याच्यावर काय जळायचं?

सहल संपत आली तेव्हा जहाज एका लहानशा बेटावर थांबलं. "इथे काही बघायचंच नाहीये काका, नुसतं रिलॅक्स व्हायचं," स्पृहा म्हणाली. माडाखाली आरामखुर्च्या, बाबा शहाळं पिऊन घोरतायत, आई पाण्यात पाय सोडून बसलीय. बसू दे, म्हटलं मी. दमलीत माणसं.

मग ती एकदम हसत सुटली. "अय्या, हे बघा!"

सर्जेरावांनी चष्मा लावला. "ह्या काकू हायत व्हय? वळखूच येईनात."

"आईच आहे. बेटावर भाड्याने स्कूटर घेतलीय दोघांनी. आणि तिथेही तिने ओढणी तोंडाला गुंडाळलीय बघा, टिपिकल पुणे. ही गुलाबी गाडी किती क्यूट आहे ना?"

मला टायरपासून आरशापर्यंत आग लागली. तीन वर्षं मी कव्हरखाली उभी, आणि हे तिकडे परक्या मुलखात एका गुलाबी, बिनगियरच्या, कालच्या पोरीवर बसले! बाईंनी तर कहर केला होता. माझ्यावर जन्मभर एका बाजूला बसल्या, तिच्यावर दोन्हीकडे पाय टाकून, नवऱ्याच्या कमरेला मिठी मारून. मोडलेल्या हाताने. मला वाटलं होतं त्यांची गाडीवर बसायची भीती जाईल तेव्हा माझ्यावर बसूनच जाईल. वाट मी पाहिली, आणि मलई सवतीने खाल्ली.

त्यात भर म्हणजे स्पृहा सर्जेरावांना म्हणाली, "आईबाबा आले की या जुन्या गाडीचं बघायचंय. सोसायटीला जागा हवीय. भंगारवाल्याशी बोलून ठेवते."

ते परत आले ते तुकतुकीत होऊन. दोन दिवसांनी सकाळी तिघं खाली उतरली, भंगारवाला नऊला येणार होता म्हणून. श्यामसुंदररावांनी कव्हर काढलं आणि डिकीतली फडकी, जुना पाना बाहेर काढू लागले.

"बाबा, वाईट वाटून घेऊ नका," स्पृहा म्हणाली. "तशीही ब्रेक न लागणारी गाडी. कुणाला देताही येणार नाही."

त्यांनी पाना हातात घेतला. मंदाकिनीबाई बोलल्या. "ब्रेक चांगला होता. हे बघत होते मागे."

"काय?"

"बेटावर सांगितलं यांनी मला. गाडी चालवता चालवता. मागे न बघता."

"म्हणजे तीन वर्षं तू..."

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी मागेच बसले होते ना गं. यांच्या तोंडून कधी येतंय, ते बघत होते."

श्यामसुंदररावांनी पाना पुसला, परत पुसला. "ब्रेक होता," ते म्हणाले. "माझंच चुकलं."

माझ्यावरचा डाग गेला. नाचायला हवं होतं मी. पण सुखाने सुख कसं घेऊ? जी कबुली माझ्यासमोर, माझ्या सीटवर बसून द्यायची, ती त्यांनी त्या गुलाबीला ऐकवली होती. तिला त्यातलं ओ की ठो तरी कळलं असेल का?

तेवढ्यात त्यांनी मला तिरकी केली आणि किक मारली. माझ्या मनात आलं, आता मुळीच सुरू होऊ नये. जा म्हणावं बेटावर. दुसरी किक. तिसरी. ते धापा टाकायला लागले, आणि मग मात्र मला राहवलं नाही. किती झालं तरी माझं माणूस. मी सुरू झाले.

"बसतेस?" त्यांनी विचारलं.

बाईंनी गेटबाहेर पाहिलं. बाहेर आपला नेहमीचा रस्ता, रिक्षा, बस, कुणाला दम नाही. "तिथे रस्ता रिकामा होता हो," त्या हळूच म्हणाल्या. "आतल्या आत बसते. गेटपर्यंत."

त्या बसल्या. इमारतीला आम्ही सावकाश वळसा घातला. "त्या गाडीला धक्के बसत नव्हते," बाई म्हणाल्या. खरं बोलायची एवढी घाई काय असते माणसांना, देव जाणे. "नव्हते बसत," तेही म्हणाले. गिळलं मी. गेट आलं, ठरल्याप्रमाणे त्यांनी मला आत वळवायला घेतलं.

खांद्यावरचा हात घट्ट झाला. "वळू नका," बाई म्हणाल्या. "आलोच आहोत तर दूध घेऊन येऊ."

बेटावरचा तो फोटो आता हॉलमध्ये लावलाय म्हणे. माझा एकही फोटो त्या घरात नाही. मी अजून जळते आणि जळणार. पण त्या सकाळी नऊला टेम्पो घेऊन भंगारवाला आला, तेव्हा सर्जेराव त्याला काय म्हणाले ते मला नंतर कळलं, आणि तेवढं मी कुणालाही द्यायची नाही.

"आत्ता न्हाय मिळायची," ते म्हणाले. "गाडी कामावर गेलीया."