मिलानचा ऑगस्ट

सकाळी उठल्यावर आसावरी आधी खिडकीचा पडदा सारून बसच्या थांब्याकडे पाही. थांब्यावर रांग असली तर चहा उभ्यानं, नसली तर बसून. मार्चमधल्या त्या सकाळी रांग नव्हती. तिनं आल्याचा चहा टाकला. सोबत राहणारी राधिका आंघोळ करून येईपर्यंत दोघींच्या डब्यांत रात्रीची पोळी-भाजी भरली, हीटरजवळ वाळत ठेवलेले बूट चढवले आणि रस्त्याकडेच्या काळवंडलेल्या बर्फातून वाट काढत ती थांब्यावर येऊन उभी राहिली. स्टेट कॉलेज नावाच्या या विद्यापीठाच्या गावातलं तिचं हे सहावं वर्ष. शुक्रवारी तिच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. ती पार पडली की डॉक्टरेट, आणि डॉक्टरेट मिळाली तरच ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजातली नोकरी.

मिलान शहरातल्या दोन वस्त्यांचं वातावरण, हा तिचा विषय. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ती तिथे महिनाभर राहिली होती आणि रोज दोन्ही वस्त्या पायी हिंडली होती. पोर्ता रोमानात देखण्या दगडी इमारतींखाली दुकानांची शटरं ओढलेली, बाकांवर कबुतरं, भिंतीच्या सावलीतून कुत्र्याला घेऊन जाणारी एखादी म्हातारी. व्हिया पादोवाच्या रस्त्यावर मात्र इजिप्शियन खाटीक, चिनी शिंपी, बांगलादेशी फोनवाले. दारात खुर्च्या टाकून बसलेली आणि तिला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारून चहा पाजणारी माणसं. जुनं शहर विझत चाललं आहे आणि त्यात प्राण फुंकताहेत ते बाहेरून आलेले लोक, असा तिचा निष्कर्ष होता. तो लिहिताना आपण आपल्याबद्दलही काही लिहितो आहोत, असं तिला वाटलं होतं.

बसमध्ये पाओला शेजारी येऊन बसली. महिनाभरापूर्वी खालच्या मजल्यावर राहायला आलेली ही इटालियन बाई रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत असे. आसावरीच्या मांडीवर उघड्या असलेल्या प्रबंधातला फोटो पाहून ती एकदम वाकली.

“अगं, ही तर माझ्या मावशीच्या घराखालची बेकरी! तू मिलानला कधी गेली होतीस?”

“ऑगस्टमध्ये.”

पाओला हसली. “ऑगस्टमध्ये मिलानला कोण असतं? सगळे समुद्रावर. बेकरीवालासुद्धा.”

“पण ती बंद पडली ना?”

“कोण म्हणतं? शटरवरचा कागद वाच. तीन सप्टेंबरला उघडणार. ख्रिसमसला मी तिथूनच ब्रेड आणला की.”

कागद आसावरीनं तेव्हाच वाचला होता. तेवढं इटालियन तिला येत होतं. पण पुण्यात तिच्या गल्लीत ‘नूतनीकरणासाठी बंद, लवकरच सेवेत रुजू’ अशी पाटी लागली, की त्या दुकानावर पाणी सोडायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. बंद पडल्याचं कुणी आपल्या हातानं लिहीत नाही. पोर्ता रोमानातल्या शटरांवरचे कागदही तिनं तसेच वाचले होते, आणि त्यांवर अख्खं प्रकरण उभं केलं होतं.

दुपारी तिनं मार्गदर्शकांना सगळं सांगितलं. ते मिलानला कधी गेले नव्हते. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले आणि ते मृदू आवाजात म्हणाले, “एक तळटीप टाक. कुणाचाच प्रबंध निर्दोष नसतो.”

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा सिद्धेश नेहमीप्रमाणे जेवायला आला. ऐकून तो खो खो हसत सुटला.

“म्हणजे यार, भर दुपारी लक्ष्मी रोडवर उभं राहून ‘पुणं मेलं’ असं लिहिलंस! आणि तेही पुणेकरणीनं!”

“गप रे,” राधिका म्हणाली. “आसावरी, परीक्षेच्या कमिटीत एक तरी इटालियन आहे का? मग कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना.”

“मग या उन्हाळ्यात परत जा.”

“माझा व्हिसा गेल्या वर्षीच संपला. इथे राहता येतं, पण बाहेर पडले की नवा स्टॅम्प लागणार. सत्यजितचं काय झालं बघितलंस ना? बहिणीच्या लग्नाला नागपूरला गेला, तो अजून तिथेच. व्हिसाचं चेकिंग चालू आहे म्हणतात.”

सिद्धेशचं हसू ओसरलं. “सॉरी यार. पण निदान तुझी ती दुसरी वस्ती तर खरी आहे? तिथली दुकानं उघडीच होती ना?”

“होती,” आसावरी म्हणाली आणि घास हातातच राहिला. अख्खं शहर समुद्रावर गेलं असताना ती माणसं का थांबली होती? दुकान बंद ठेवणं त्यांना परवडणारं नव्हतं. खाटिकानं चहा देताना एकदा म्हटलंही होतं, सिस्टर, चार वर्षांत एक दिवस सुट्टी नाही. त्यांच्या दमण्याला तिनं चैतन्य म्हटलं होतं, आणि पुढच्या वर्षी ती हेच वर्गात शिकवणार होती. तळटीप नेमकी कुठल्या वाक्याला द्यायची?

“अगं, जेव ना,” राधिका म्हणाली. “सहा वर्षं गेली आहेत तुझी. आता नको वेडेपणा करूस.”

“नाही करत,” आसावरी म्हणाली आणि तिनं भात वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विभागाचं कार्यालय उघडलं तेव्हा ती दारात उभी होती. लिंडा नावाची तिथली सेक्रेटरी नुकतीच कोट काढत होती.

“शुक्रवारची खोली कॅन्सल करायची आहे,” आसावरी म्हणाली. “माझी परीक्षा होणार नाही. कमिटीला मी कळवलंय.”

“तब्येत ठीक आहे ना? मग दुसरी तारीख कधीची टाकू?”

“दुसरी तारीख नाही.”

लिंडानं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. तिनं संगणकावर काहीतरी खोडलं.

“कॉफी आणि बिस्किटं सांगून ठेवली होती. तीही नको ना?”

“नको,” आसावरी म्हणाली आणि विभागातल्या आपल्या खोलीची किल्ली काढून तिनं टेबलावर ठेवली.