कपाटातला डाग

कुलपात किल्ली फिरली आणि ‘कट्’ असा बारीक आवाज झाला. दुपारचं घर गपगार होतं, त्यात तो आवाज भांडं पडल्यासारखा वाटला. सतरंजीवर झोपलेल्या माझ्या झुंबरनं ओठ चोखले, कूस बदलली. चार वर्षांची पोर, पण झोपेत अजून तान्ही होते. ती पुन्हा निजेपर्यंत मी तशीच उभी राहिले.

कपाटाची किल्ली हे देवघरात गणपतीच्या मागे लपवतात. घरातले देव रोज कोण पुसतं, हे काही ह्यांच्या ध्यानात आलेलं नाही.

हे म्हणजे माझे यजमान. धुळ्याला मॅट्रिकपर्यंत शिकले. जळगावच्या सराफ बाजारात दुकान आहे ते मामंजींचं, चुडामणनानांचं. फुंकणी तोंडाला लावली की ह्यांना ठसका लागतो, म्हणून ह्यांनी सोनारकामाचं शास्त्र हाती घेतलं. भुसावळच्या एका गोऱ्या साहेबाच्या लिलावातून काचेचं कपाट आणलं आणि त्यात दागिने घडवण्याची पुस्तकं भरू लागले. इंग्रजी आली, गुजराती आली. एक जर्मन आलं. त्यातलं अक्षर कुणाला लागत नाही, पण चित्रं छान आहेत असं हे सांगतात. पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली आहेत. दसऱ्याला हातोडी-चिमट्यांशेजारी तीही पाटावर बसतात, हळदकुंकू लावून घेतात आणि पुन्हा कुलपात जातात. वर्षातून तेवढाच त्यांना माणसाचा हात लागतो.

नाना एकदा कपाटासमोर उभे राहून म्हणाले, “रांग तर मोठी शे रे, भाऊ. पण त्यामाईन एखादा डाग तरी निंघना का?”

एवढ्या रांगेतून एक तरी दागिना निघाला का, असं त्यांना विचारायचं होतं; आम्हा सोनारांत दागिन्याला डाग म्हणतात. गळ्यातला डाग, कानातला डाग. परटाच्या घरी त्या शब्दाचा अर्थ वेगळा होतो, हे ह्यांच्या शास्त्रात बसलं नव्हतं. म्हणूनच वर्तमानपत्रात ‘सर्व प्रकारच्या डागांचे शास्त्र’ अशी जाहिरात दिसल्याबरोबर ह्यांनी मुंबईहून ते पुस्तक टपालाच्या व्ही.पी.नं मागवलं. कपाटातलं एकुलतं एक मराठी पुस्तक.

माझ्या वडिलांनी मला बोदवडला चौथीपर्यंत शिकवलं. लग्न झाल्यापासून वाचायला मिळालं ते पुडीचे कागद. म्हणून मी त्या पुस्तकावर झडप घातली. नव्या पुस्तकाची पानं कडेला जोडलेलीच होती, त्यातली पहिली मी केसांतल्या आकड्यानं फोडली आणि पहिल्याच पानावर पदराचा बोळा तोंडात कोंबावा लागला. चहाचे डाग, शाईचे डाग, तेलाचे डाग. सगळं पुस्तक कपडे धुण्याचं.

तरी मी वाचत राहिले. शहाण्या माणसानं लिहिलं होतं. रोज दोन पानं फोडायची, जास्त नाही, संपलं तर पुढे काय वाचणार? झुंबरच्या झबल्यावरचा हळदीचा डाग मी त्या पुस्तकानंच काढला. पोरीला तो चमत्कार वाटला. तेव्हापासून कुठं काही सांडलं की मला म्हणते, “पुस्तकात बघ.” मग मी तिच्या ओठांवर बोट ठेवते.

ज्येष्ठात ह्यांनी जाहीर केलं की धुळ्याची ज्ञातिसभेची मंडळी ग्रंथसंग्रह पाहायला येणार. सगळ्यांना समजावं म्हणून हे मराठी पुस्तकातलं वाचून दाखवणार.

पुस्तक कपडे धुण्याचं आहे हे सांगावं, तर मी वाचल्याचं उघड होतं आणि किल्ली जाते. न सांगावं, तर चारचौघांत घराचं हसं होतं. झुंबरची वेणी घालता घालता मी एवढंच म्हटलं, “एखादं पान आधी बघून घ्यावं.”

“दोनदा वाचलंय मी,” हे म्हणाले. “तुला काय कळतंय त्यातलं?”

दोनदा! निम्म्याहून जास्त पानं अजून जोडलेली होती. मी वेणीला गाठ मारली.

मंडळी आली. त्यांच्यातले देवपूरचे अभिमनअण्णा लोडाला टेकून बसले. ह्यांनी घसा साफ केला, फोडलेल्यातलं एक पान उघडलं आणि सुरू केलं, “हळदीचा डाग...” पुढचा शब्द ‘सदऱ्यावर’ असा होता. मला ते पान पाठ आहे. दाराआडून मला ह्यांच्या गळ्याची घाटी वरखाली झालेली दिसली. तो शब्द ह्यांनी गिळला. “हळदीचा डाग पडल्यास साबण लावू नये. लाल होतो.”

“होणारच,” अण्णा म्हणाले. “हिणकस असला की होतो लाल.”

“लिंबू चोळून उन्हात ठेवावा.”

“खरंय. आमचे आजे लिंबानंच उजळायचे.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी ह्यांच्याकडे बघून म्हणालं, गिरधरभाऊंनी मोठा अभ्यास केलाय. हे ‘बाही’ गिळत, ‘धोतर’ गिळत वाचत गेले आणि मंडळी शास्त्र ऐकत गेली. असा विद्वानांचा मेळा मी पाहिला नव्हता. शेवटी फोडलेली पानं संपली. तिथं खूण म्हणून माझा आकडा होता. ह्यांनी तो बोटांत धरला, दाराकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं. टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देव पुसायला गेले, तर गणपतीच्या मागे किल्ली नव्हती, नुसता माझा आकडा ठेवलेला होता. काचेतून पुस्तक दिसतंय, उंचीप्रमाणे लावलेलं.

आकडा केसांत खोचला तेवढ्यात झुंबर अंगणातून धावत आली. जांभळं खाऊन तोंड निळं, झबलं निळं. जांभळाच्या डागाचं पान मी अजून फोडलेलं नव्हतं. तिनं झबल्याची टोकं धरून ते माझ्यापुढे ताणलं आणि स्वतःच ओठांवर बोट ठेवून हळू आवाजात विचारलं,

“आई, हा डाग कशानं निघतो गं?”