पट्ट्याला पाचवं भोक

खिळा गॅसवर तापत ठेवून पाणीमामा पक्कड शोधत होते, तेवढ्यात लेक स्वयंपाकघरात आली.

"बाबा, चार वाजता डॉक्टरीणबाई येणार आहेत," ती म्हणाली. "आता दोन वाजलेत. आणि तुम्ही मास्तरच्या पट्ट्याला भोक पाडत बसलाय?"

"निघून पडतोय तो गळ्यातून."

"पडू दे की. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

पक्कड डब्यांच्या मागं सापडली. लाल झालेला खिळा त्यांनी चामड्यावर टेकवला, तशी चर्र झालं आणि घरभर जळका वास सुटला. लेकीनं खिडकी उघडली. चिडली नव्हती ती. दोन दिवस रजा टाकून आली होती आणि बापाकडं बघवत नव्हतं तिला, एवढंच.

बाहेरच्या खोलीत गोधडीवर मास्तर पडला होता. आता कुत्र्याला मास्तर असं नाव कोण ठेवतं? पण पिल्लू होतं तेव्हापासून त्याचा चेहराच असा, की समोरच्यानं गृहपाठ केलेला नाही हे याला आधीच कळलंय. मामांच्या बायकोनं पहिल्याच दिवशी हात जोडून "या मास्तर" म्हटलं आणि तेच चिकटलं. चौदा वर्षं झाली. बायको जाऊनही पाच झाली. आता मास्तरची किडनी गेली होती. सहा दिवस पोटात अन्न नाही, मान नुसती वेताच्या काठीसारखी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "मामा, आता त्याला नुसता त्रास आहे. तुम्ही हो म्हणा, मी घरी येऊन इंजेक्शन देते." मामांनी दोन दिवस हो म्हटलं नाही. काल म्हटलं. एकच अट घातली, की शेवटपर्यंत मी त्याच्याजवळ बसणार, मला बाहेर पाठवायचं नाही.

मामा गोधडीशेजारी बसले आणि भोकाच्या कडा चाकूनं साफ करू लागले. लेकीनं पट्टा हातात घेतला.

"याच्यात पाच झाली आता. हे मास्तरचं, हे त्याच्या आधीच्या बटणचं. हे पहिलं आजोबांनी पाडलेलं ना?"

"हो. ढब्बूचं."

पट्टा मामांच्या वडिलांचा. वडील पाणीपुरवठ्यात होते, व्हॉल्व सोडायचे. खांद्यावर लांब लोखंडी चावी, पहाटेपासून गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत घालून फिरवायची, की त्या गल्लीला पाणी. तासाभरानं परत येऊन बंद करायची. गणवेशाचा जुना पट्टा कापून त्यांनी आपल्या कुत्र्याला, ढब्बूला, घातला होता आणि असाच खिळा तापवून भोक पाडलं होतं. ढब्बू रोज त्यांच्याबरोबर जायचा आणि ते चावी फिरवेपर्यंत झाकणाशेजारी बसायचा. वडील अचानक गेले आणि अठराव्या वर्षी चावी मामांच्या खांद्यावर आली. पंचाईत अशी, की सतरा झाकणं कुठं कुठं आहेत हे कागदावर कुठंच नव्हतं, सगळं वडिलांच्या डोक्यात. निम्मी झाकणं तर मातीखाली गेलेली. पहिल्या दिवशी मामा चौकात रडकुंडीला येऊन उभे राहिले. ढब्बू मात्र चालू लागला. जिथं बसला, तिथं मामांनी पायानं माती सारली, की खाली झाकण. सतराच्या सतरा झाकणं त्यानं दाखवली. मामांना नोकरी शिकवली ती कुत्र्यानं, हे ते आयुष्यभर हसत सांगायचे.

"आणि हे दुसरं?" लेकीनं बोट ठेवलं. "याचं तुम्ही कधी सांगितलंच नाही."

"होता एक. पाव्हणा. तू जन्मलीस त्या सुमाराचा."

"काय झालं त्याचं?"

"गेला," मामा म्हणाले आणि पट्टा तिच्या हातातून काढून घेतला.

पाव्हणा असाच एकदा दारात आला, दोन दिवस राहिला आणि राहिलाच. ढब्बू म्हातारा झाला होता. त्याच्या मागून फिरून पाव्हण्यानं सगळी झाकणं पाठ केली आणि ढब्बू गेल्यावर पट्टा त्याच्या गळ्यात आला. पुढं लग्न झालं, लेक झाली. सहा महिन्यांच्या लेकराला धाप लागायला लागली. कुणीतरी म्हणालं कुत्र्याच्या केसांनी होतं, डॉक्टरही म्हणाले असू शकेल. बायको एक शब्द बोलली नाही. लेकराला मांडीवर घेऊन रात्रभर बसायची, तेच पुरेसं होतं.

मामांनी पाव्हण्याला सायकलवर पुढ्यात बसवलं आणि गावाबाहेरच्या पंपघरावर नेलं. तिथल्या रखवालदारानं सांभाळतो म्हणून सांगितलं होतं. निघताना मामांनी त्याच्या गळ्यातला पट्टा काढला. वडिलांची एवढीच वस्तू उरली होती, दुसऱ्याकडं कशाला ठेवायची? पाव्हणा उड्या मारायला लागला, त्याला वाटलं अंघोळ घालणार. मामांनी सायकलवर टांग मारली आणि मागं वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगून त्यांनी आपली लाइन, म्हणजे ठरलेल्या गल्ल्या, बदलून घेतली. सतरा झाकणं एकट्यानं उचलायची म्हणजे जिवावर आलं होतं. महिन्याभरानं जुन्या लाइनवरची इस्त्रीवाली बाजारात भेटली.

"बरे झालात का मामा?" तिनं विचारलं.

"मला काय झालंय?"

"मग इतके दिवस आला नाहीत ते? तुमचं कुत्रं बिचारं नऊ दिवस आमच्या पुढ्यातल्या झाकणावर बसून होतं. मी भाकरी टाकायची, तर उठून खायचं आणि परत झाकणावर. म्हटलं, मामा आजारी असतील, येतील चावी घेऊन."

"आता कुठंय?"

"कुत्र्यांची गाडी आली हो. मी सांगत होते, पाणीमामांचं आहे म्हणून. ते म्हणाले, गळ्यात पट्टा कुठंय? बेवारस आहे."

पंपघरावरून तो पळाला होता. पण घरी आला नाही. घरातून आपल्याला काढलंय हे त्याला कळलं असावं. झाकणावर बसला, कारण पाणी सोडायला मामा येणारच, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. तीस-बत्तीस वर्षं झाली या गोष्टीला. मामांनी ती घरात कुणाला सांगितली नाही. लाज वाटली. नुसती लाज नाही, आपण नालायक आहोत असं वाटलं आणि ते कायमचं वाटत राहिलं. आणि लेकीची धाप काही पाव्हण्यामुळं नव्हती. तो गेल्यावरही दोन वर्षं तशीच होती, मग आपली आपण थांबली.

दहाव्या वर्षी लेकीनंच हट्ट करून बटणला आणलं. बटण गेली तेव्हा मोठी पाइपलाइन फुटलेली, मामा कमरेइतक्या पाण्यात, घरी यायला दुसरा दिवस उजाडला. तिचं सगळं बायकोनं केलं आणि पट्टा धुऊन खुंटीला लावून ठेवला. मग मास्तर. बायको आजारी पडली तेव्हा तो सात महिने तिच्या खाटेखालून हलला नाही. त्यानंतर घरात दोघंच उरले, मामा आणि मास्तर. मामा निवृत्त झाले, व्हॉल्व आता ऑफिसात बसून कळ दाबली की उघडतात, तरी रोज पहाटे दोघं सतरा झाकणांची फेरी मारून यायचे. कशाला, ते दोघांनाही कुणी विचारलं नाही.

डॉक्टरीणबाई चारला पाच मिनिटं असताना आल्या. मामांनी मास्तरचं डोकं मांडीवर घेतलं, पट्टा गळ्यात घातला आणि पाचव्या भोकात अडकवला. नीट बसला.

"घाबरायचं नाही, मास्तर," ते म्हणाले. "मी इथंच आहे. कुठं जात नाही."

मास्तरनं डोळे वर करून त्यांच्याकडं बघितलं. मामांनी नजर काढली नाही. सुई गेली तेव्हाही नाही, श्वास लांबत लांबत थांबला तेव्हाही नाही. बाईंनी नाडी बघून मान हलवली. मामा तरी बघतच होते.

परसात खड्डा मामांनी सकाळीच खणून ठेवला होता. गोधडीत गुंडाळताना लेक डोळे पुसत म्हणाली, "थांबा बाबा, पट्टा काढून घेते. आजोबांचा आहे, आठवण राहील."

तिनं बक्कल सोडलंही. मामांनी तिचा हात धरला.

"नको. राहू दे त्याच्या गळ्यात."

"अहो, पण मातीत कुजून जाईल."

"जाऊ दे." ते वाकून पाचवं भोक चाचपडत होते, बक्कल काही केल्या लागेना. "पट्टा नसला की बेवारस समजतात गं."

लेकीला काही समजलं नाही. पण बापाचा आवाज तिनं असा कधी ऐकला नव्हता. ती खाली बसली आणि तिनं बक्कल लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा सवयीनं उठले, चपला घातल्या आणि एकटेच निघाले. इस्त्रीवाली जाऊन बरीच वर्षं झाली, आता तिची सून टेबल लावते. मामा तिच्या पुढ्यातल्या झाकणापाशी आले, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली वाकले आणि झाकणावर बसले.

"मामा, रस्त्यात का बसलात?" सून घाईनं पुढं आली. "बरं नाही का? आणि मास्तर कुठंय?"

"बरं आहे. बसतो जरा."

"कुणी यायचंय का?"

मामांनी रस्त्याच्या टोकापर्यंत बघितलं. खाली, झाकणाच्या आत, पाणी आपोआप सुटलं आणि त्याचा आवाज त्यांना बसल्या जागी जाणवला.

"नाही," ते म्हणाले. "आता कुणी यायचं नाही."

तिनं आतून चहा आणून दिला. तो त्यांनी घेतला, कप तिला परत केला आणि उन्हं येईपर्यंत ते तिथंच बसून राहिले.