मोडीचा डबा

"डोळं गेलं तुमचं, भाभी." बाळासो शेठनं पैंजण शबनूरच्या तळहातावर ठेवलं. "एक कडी उघडी ऱ्हायली. गिऱ्हाइकानं परत धाडलंय. आता तपासणी माझी सून करंल, तुमी नुसती पाकिटं भरा."

हुपरीत बनलेली चांदीची पैंजणं तपासणीसाठी मंगळवार पेठेत शबनूरकडे येत, त्याला सव्वीस वर्षं झाली होती. नवरा, नबीलाल, मार्चमध्ये वारला. आता हेही चाललं. तिला राग आला नाही, भीती वाटली. शेठ म्हणतो ते खरंच असलं तर? पैंजण, त्याला बांधलेल्या तपासणीच्या चिठ्ठीसकट, तिनं न बघताच कपाटात ढकललं.

त्याच आठवड्यात विद्यापीठात एम.एस्सी. करणाऱ्या तिच्या लेकीनं, आफशीननं, दीडशे छापील चित्रांचा गठ्ठा आणला. रेडिओ दुर्बिणींनी आपल्या आकाशगंगेची पाहणी केली होती, त्यातले हे तुकडे. हजारो वर्षांपूर्वी तारे फुटले, त्यांचे अवशेष कड्यासारखे पसरत गेले. असं एखादं अजून कुणाला न सापडलेलं कडं शोधायचा तिचा प्रकल्प होता.

"सर म्हणाले, विषय ठाऊक नसलेल्या माणसाला एकदा दाखीव. तू फक्त कडं दिसतंय का बघ."

"माझं डोळं गेल्यात. शेठला इचार जा."

"बघ की गं अम्मी!"

दोन दिवस शबनूर दारातल्या उजेडात बसली. अख्ख्या कड्याची चित्रं तिनं ताटात ठेवली. तुटक्या कड्याची चित्रं घडी घालून मोडीच्या डब्यात टाकली. चांदीचे निकामी तुकडे वितळवायला जायचे, त्यांचा तो डबा. इतक्या वर्षांची सवय, हात आपणहून तिकडे गेला.

ताटात अकरा चित्रं निघाली. आफशीननं ती संगणकावर उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीच्या चित्रांशी ताडून पाहिली. अकराही जागा तिथं लख्ख चमकत होत्या. तिचा चेहरा पडला.

"ही फुटल्याली न्हाईत. नव्या ताऱ्यांभवतीची तापल्याली धूळ हाय ही. फुटल्यालं असं तिथं चमकत न्हाय." सोमवारी सरांना काहीतरी दाखवायचं होतं. "तुटकं एक पण न्हवतं व्हय?"

"हुती की. मोडीत टाकली."

आफशीननं डबा जमिनीवर उपडा केला. घड्या उलगडता उलगडता ती एका चित्रापाशी थांबली. संगणकानं तिथं 'काही नाही' असा शेरा मारला होता. नीट बघितलं तर अर्ध्याहून कमी, फिकट अशी एक कमान होती, आणि तिच्या दोन्ही टोकांना शबनूरनं पेन्सिलीचे ठिपके दिले होते. उघडी कडी सापडली की ती असेच ठिपके द्यायची. उष्णतेच्या चित्रात ती जागा काळीभोर होती. आफशीननं दोनदा बघितलं.

"अम्मी, फुटल्यावर कडं अख्खं ऱ्हातंयच असं न्हाय. आनी हे कुठल्याच यादीत न्हाय! मला दिसलं न्हाय, सरांना दिसलं न्हाय." मग जरा आवरून म्हणाली, "अजून लई तपासावं लागंल म्हणा." पण तिचे डोळे भरून आले होते.

शबनूरला ताऱ्याचं फारसं कळलं नाही. आपले डोळे शाबूत आहेत, एवढं मात्र कळलं, आणि तिच्या जिवात जीव आला. तिनं कपाटातून पैंजण काढलं. उघडी कडी पहिल्याच नजरेत सापडली. मग तिनं चिठ्ठी उलगडली. अक्षर तिचंच होतं, तारीख चार मार्च. त्या दिवशी दवाखान्यात नबीलालच्या खाटेशी बसून तिनं चाळीस जोड तपासले होते. दर जोडामागे मान वर करून त्याची छाती हलतेय का ते बघत होती.

गुरुवारी शेठ पाकिटं घेऊन आला. तिनं पैंजण आणि चिठ्ठी त्याच्यापुढं ठेवली.

"चूक माझीच हाय, शेठ. पर डोळ्यांची न्हवं. तारीख बघा की."

शेठनं तारीख बघितली. त्या दिवशीचा माल त्यानंच दवाखान्यात आणून दिला होता.

"तपासणी आता सून करतीया, भाभी…"

"करू दे की. पोरगी गुणाची हाय. पाकिटं द्या हिकडं."

तो उठला आणि ते पैंजण मोडीच्या डब्यात टाकायला वाकला. शबनूरनं झाकणावर हात ठेवला.

"त्यात नगं," ती म्हणाली. "त्या दिवशीचं हाय ते, ऱ्हाऊ दे."