बुडालेल्या माणसाची मुलाखत

दारातच एका प्रेताने मास्तरांना नमस्कार केला आणि विचारलं, "काका, लाल की पिवळा?"

मास्तरांना प्रश्नच कळला नाही. प्रेताच्या कपाळात कुऱ्हाड रुतलेली होती, गालावरून रक्त ओघळत होतं, आणि ते टेबलामागे बसून मनगटाला बांधायच्या कागदी पट्ट्या वाटत होतं. मास्तरांनी आयुष्यभर पहिलीचा वर्ग सांभाळला होता. वह्या तपासायच्या सवयीने त्यांचा हात लाल रंगाकडे गेला.

"वा! काका धीट आहेत," असं म्हणत प्रेताने लाल पट्टी त्यांच्या मनगटावर चिकटवली.

याचा अर्थ त्यांना पुढच्या वळणावर कळला. खांबाआडून एक कवटी "भ्यॉ" करून अंगावर आली. मास्तरांच्या हातातली पिशवी खाली पडली. कवटीने ती उचलली, वरची धूळ झटकली, "लागलं नाही ना कुठे?" अशी चौकशी केली आणि पुन्हा मुकाट खांबाआड जाऊन उभी राहिली.

"बाबा, लाल कशाला घेतलीत?" त्यांची लेक हसत धावत आली. "लाल म्हणजे मला खुशाल घाबरवा. पिवळी म्हणजे माझ्या वाटेला जाऊ नका."

तिच्या स्वतःच्या मनगटावर पिवळी पट्टी होती. मास्तरांनी ती पाहिली आणि त्यांच्या डोक्यात आधीच असलेल्या गोंधळात आणखी भर पडली.

या लेकीला ते लहानपणापासून टिटवी म्हणत. पाल दिसली, दार करकरलं, पंख्याची सावली हलली, की ही टिटवीसारखी ओरडायची. मोठी झाली, नोकरीला लागली, तरी रात्री पॅसेजमधला दिवा चालू ठेवल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. आणि हीच मुलगी गेली काही वर्षं भुताखेतांच्या सिनेमांच्या चाहत्यांबरोबर हिंडत होती, त्यांच्या संमेलनात स्वयंसेवक म्हणून राबत होती. त्यात तिला तिथलाच एक मुलगा आवडला होता.

"करतो काय तो?" मास्तरांनी विचारलं होतं.

"प्रेतं करतो."

"म्हणजे?"

"रबराची, बाबा. सिनेमावाल्यांसाठी."

"आणि घरी कोण?"

"आईच फक्त. जरा कडक आहेत म्हणे. मला अजून जवळून माहीत नाहीत."

तिची आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. टिटवीने स्पष्ट सांगून टाकलं होतं, "तुमच्या होकाराशिवाय मी पाऊल उचलणार नाही. पण त्याला आपल्या घरी सोफ्यावर बसवून, चहा पाजून नाही बघायचं. तो जिथे खुशीत असतो तिथे येऊन बघा. मग हो म्हणा नाहीतर नाही म्हणा." सगळी जबाबदारी तिने अशी बापाच्या गळ्यात घातली होती. मास्तरांचं उत्तर तसं ठरत आलं होतं. दिवा लावून झोपणारी पोर प्रेतांच्या घरात द्यायची? छे. पण नाही म्हणायचं तर निदान बघून म्हणावं, म्हणून ते आज आले होते.

सभागृह गच्च भरलं होतं. एका टेबलावर तुटलेले हात ओळीने मांडलेले, "जोडीने घेतल्यास सवलत" अशी पाटी लावून. एक रक्तपिपासू सरदार आपल्या कडेवरच्या पोराचं नाक पुसत होता, आणि पोर त्याचे सुळे उपटायला बघत होतं. चहाच्या खिडकीपुढे भुतांची रांग होती. कोणी ढकलत नव्हतं, कोणी मध्ये घुसत नव्हतं. आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पालकांची अशी रांग कधी लागली नव्हती, हे मास्तरांना आठवलं.

एका दालनात एक बाई व्यासपीठावरून बोलत होत्या, पडद्यावरच्या किंकाळीत श्वास कुठे घ्यायचा यावर. विषय अभ्यासाचा दिसला म्हणून मास्तर मागच्या खुर्चीवर टेकले. भाषण संपलं आणि सगळं दालन एकदम जीव खाऊन किंचाळलं. मास्तर आग लागली समजून दाराकडे धावले. शेजारच्या हडळीने त्यांची बाही धरली. "काका, काका, बसा. आमच्याकडे टाळ्या नसतात. भाषण आवडलं की ओरडतात."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर टाळ्या वाजवतात," हडळ म्हणाली.

डोकं गरगरायला लागल्यावर ते बाहेर आले. तेवढ्यात टिटवी आलीच. "बाबा, तो बघा. त्या जिन्याखाली बाकावर बसलाय ना, निळ्या चेहऱ्याचा? खांद्यावर दोर असलेला. तोच. धरणात बुडालेल्या गावाचा सिनेमा आहे, त्यातली माणसं पाण्यातून परत येतात. त्यांची सगळी टोळी आज सभागृहातून मिरवणूक काढणार आहे. पण ऐका, सिनेमात ती माणसं एक अक्षर बोलत नाहीत. म्हणून ज्याने हा वेष घातला त्याने मिरवणूक संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असा नेमच आहे त्यांचा."

"मग मी त्याच्याशी बोलू काय?"

"तुम्ही बोला की. तो ऐकेल." आणि कुणीतरी हाक मारली म्हणून ती पळाली.

मास्तर बाकापाशी गेले. बुडालेल्या माणसाचा मुखवटा सुजलेला, निळसर होता. घोट्यापर्यंत रेनकोट, त्याला चिकटवलेलं शेवाळ, हातात सुरकुतलेले रबरी मोजे. एवढं सगळं असून त्याच्या अंगाला धुण्याच्या पावडरीचा स्वच्छ वास येत होता. मास्तरांना तेवढाच धीर आला.

"मी टिटवीचा बाप," ते म्हणाले.

बुडालेला माणूस दचकला. उठायला लागला, मग पुन्हा बसला.

न बोलणारं मूल मास्तरांना नवं नव्हतं. दर वर्षी वर्गात एखादं असायचंच, आठवडेच्या आठवडे हूं की चूं न करणारं. त्याला 'का' आणि 'कसं' विचारायचं नाही. मान हलवून भागेल असंच विचारायचं, आणि विचारताना त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. मास्तर बाकाच्या टोकाला बसले आणि समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाले, "जेवलास का?"

मान आडवी हलली.

मास्तरांनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला. मुखवट्याला तोंड होतं, पण ते उघडत नव्हतं. बुडालेल्या माणसाने पुडा घेऊन रेनकोटच्या खिशात ठेवला.

"काम आवडतं?"

थोडा विचार करून मान उभी हलली.

"लवकर उठतोस?"

मान जोरात हलली.

"राग येतो?"

पुन्हा होकार, तोही लगेच. मास्तरांना बरं वाटलं. हा प्रश्न विचारला की सगळी मुलं साफ नाही म्हणतात.

"रागात हात उचलतोस?"

नाही. मान दोनदा आडवी हलली.

"आईला भितोस?"

बुडालेल्या माणसाचे खांदे गदगदा हलू लागले. मास्तर गडबडले. आपण नको तिथे बोट ठेवलं, पोरगं रडतंय की काय? "असू दे, असू दे," ते घाईने म्हणाले. "आई कडक आहे असं कानावर आलंय, म्हणून विचारलं. नाही म्हणजे, सुनेला उठता बसता धारेवर धरणारी असली तर आधीच कळलेलं बरं, एवढंच."

खांदे हलायचे थांबले. बुडालेला माणूस लाकडासारखा ताठ बसून राहिला.

"बरं, राहू दे. मुलाला आईविरुद्ध बोलायला लावणं बरं नव्हे. माझंच चुकलं."

समोरून दोन चेटकिणी एक मोडकी शवपेटी उचलून नेत होत्या. "तुझं टोक वर घे ना गं!" एक दुसरीवर खेकसत होती. मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. मग ते जे ठरवून आले नव्हते तेच बोलून बसले.

"माझी मुलगी भित्री आहे. इथे पिवळी पट्टी बांधून हिंडते, म्हणजे भीती वाटते हे तिलाही ठाऊक आहे. मग येते कशाला? मला समजत नाही. घरी पॅसेजमधला दिवा चालू ठेवून झोपते ती. मी कधी बंद केला नाही. उद्या तुझ्या घरी आली, तर तो दिवा कुणी बंद करणार नाही ना?"

बुडालेल्या माणसाने सावकाश मान आडवी हलवली आणि आपला सुरकुतलेला रबरी हात मास्तरांच्या हातावर ठेवला. तसा हात मास्तरांना घाबरवायला पुरेसा होता. पण त्यांनी तो तसाच राहू दिला.

"मग माझं हो आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात घंटा झाली. बुडालेला माणूस उठला आणि आपल्या टोळीत जाऊन मिसळला.

मिरवणूक निघाली. ती सगळी निळी माणसं पाय ओढत, एक शब्द न बोलता सभागृहातून गेली, आणि एवढा गलका करणारी माणसं गप्प झाली. मास्तर लेकीशेजारी उभे होते. "मी हो म्हटलं त्याला," ते तिच्या कानाशी म्हणाले. टिटवी त्यांच्या गळ्यातच पडली.

मिरवणूक व्यासपीठापाशी थांबली आणि एकेकाने मुखवटा काढला. खांद्यावर दोर असलेल्या माणसानेही काढला. आतून निघाल्या पिकल्या केसांच्या, घामाने निथळणाऱ्या एक बाई.

"अगं बाई!" टिटवी म्हणाली. "काकू!"

मास्तरांना वाटलं, आता जमिनीने पोटात घ्यावं. बाई सरळ त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, मी त्याची आई. मी कडक आहे हे खरं. राग येतो हेही खरं. लाँड्री चालवते, पहाटेच उठावं लागतं. तुम्ही मला विचारलंत, मी माझं सांगितलं. खोटं एकही नाही."

"पण... म्हणजे... तो?"

"ऐन वेळी कुणा राक्षसाचं शिंग मोडलं, ते चिकटवायला त्याला बोलावून नेलं. वेष धुऊन मीच आणला होता, रांगेत माणूस कमी नको म्हणून मीच चढवला. तुम्ही कोण ते कळल्यावर उठून जायला हवं होतं मी. पण बोलायची बंदी, आणि माझ्याच पोराबद्दल काय विचारतात ते ऐकायचा मोह. 'आईला भितोस?' म्हणून मलाच विचारलंत तेव्हा हसू आवरेना. मग माझ्यावरच आलात."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत एक उंच, किडकिडीत मुलगा आला. हाताला डिंक, शर्टावर रंग. आल्या आल्या त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "नमस्कार, काका, सॉरी हं, फार उशीर झाला, ते शिंग आतून पोकळ निघालं, म्हटलं दहा मिनिटांत येतो, आणि आईने सांगितलं ना तुम्हाला? नाही सांगितलं? आई!"

"मी बोलणार कशी होते?" आई म्हणाली.

"बाबा हो म्हणालेत," टिटवीने त्याला सांगून टाकलं. "आता दिलेला हो परत घ्यायचा नाही हं, बाबा."

"घ्या परत," बाई म्हणाल्या. "चुकीच्या माणसाकडे गेलेलं परत घ्यावंच लागतं. मी रोज तेच करते. एकाचे कपडे दुसऱ्याच्या गठ्ठ्यात."

मुलाचा चेहरा मुखवट्यासारखाच निळा पडला. तो पुन्हा काहीतरी बोलायला लागला, पण मास्तरांनी हात वर केला, वर्गात करत तसा.

"एकच विचारतो. ही भिते. तरी इथे का येते?"

मुलाने टिटवीकडे पाहिलं. "माहीत नाही, काका. मी विचारलं होतं. ती म्हणाली, मला सांगता येत नाही. मग मी सोडून दिलं."

"मला खरंच सांगता येत नाही, बाबा," टिटवी म्हणाली.

वर्गात प्रश्न टाकला की मुलं हवं ते उत्तर ठोकून देतात, पण माहीत नाही असं म्हणत नाहीत. मास्तरांना स्वतःला आज सकाळपासून काहीएक माहीत नव्हतं.

"आणि दिव्याचं काय?" त्यांनी विचारलं.

"कुठला दिवा?"

टिटवी लाल झाली. मास्तरांनी जीभ चावली. तिने हे त्याला सांगितलेलंच नव्हतं, आणि आपण ते त्याच्या आईपुढे ओतून मोकळे झालो होतो. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई खाली वाकून रेनकोटचं शेवाळ सोडवत होत्या, जणू त्यांनी कधी काही ऐकलंच नव्हतं.

शेवटी टिटवीच बोलली. "मी रात्री दिवा चालू ठेवून झोपते. पॅसेजमधला. लहानपणापासून."

"पॅसेजमधला?" मुलाने विचार केला. "खोलीतला का नाही?"

"तो डोळ्यांवर येतो."

"हां. मग पॅसेजमधलाच बरा."

एवढंच. हसला नाही, की 'मी आहे ना' म्हणून छाती फुगवली नाही. लगेच आईकडे वळून त्याने विचारलं, "तुझ्या खिशात काही खायला आहे का गं? सकाळपासून पोटात काही नाही."

मास्तर दोन पावलं पुढे झाले. या वेळी त्यांनी चष्मा पुसून घेतला, मुलाचा चेहरा नीट निरखला, आणि त्याच्या दंडाला बोट लावलं.

"तोच ना तू? प्रेतं करणारा?"

"हो, काका. मीच."

"आत आणखी कुणी नाही?"

"नाही."

"मग हो," मास्तर म्हणाले. आणि आजूबाजूची सगळी भुतं एकदम जीव खाऊन किंचाळली.