निळ्या कड्याचा कोंबडा

मी कोंबडा बोलतोय, तेही रश्श्याच्या पातेल्यातून. हसायचं असेल तर हसा, माझं आता काय बिघडतंय!

कऱ्हाटीजवळच्या वस्तीवर, अप्पांच्या परड्यात मी वाढलो. त्यांची लेक मेघना बारामतीच्या प्रयोगशाळेत फ्लूवर लस शोधत होती. हा फ्लू दरवर्षी रूप पालटतो आणि जुनी लस फुकट जाते. तिला सगळ्या रूपांना पुरून उरेल अशी एकच लस हवी होती. तिची धाकटी बहीण पिंकी फ्लूनंच गेली होती. लोक म्हणाले, साधा ताप.

प्रयोगाचे कोंबडे ती घरच्या परड्यातच ठेवायची; मला लस टोचून तिनं माझ्या पायात निळं कडं घातलं. पंखाखालून रक्त काढताना "झालं हं, राजा" म्हणायची. सुईचा मला राग यायचा, तिचा कधीच आला नाही. ज्या ज्या वर्षाचा फ्लू तिनं जपून ठेवला होता, त्या सगळ्यांना माझं रक्त अडवायचं. दुसऱ्या कुठल्याच कोंबड्याला ते जमलं नाही. ते कळलं त्या दिवशी ती पिंकीच्या फोटोपुढं बसून रडली.

शहाण्णव साली पुण्याहून, या कामाला पैसे मंजूर करणारे साहेब यायचे ठरले. त्यांच्यासमोर माझं रक्त तपासायचं. पटलं तर काम चालू, नाहीतर बंद.

"मोठं साहेब जेवायला आपल्या घरी?" अप्पा पुन्हापुन्हा विचारत. बौद्ध माणसाचं घर. शेजारपाजारच्या मोठ्या घरांनी तिथलं पाणीसुद्धा कायम टाळलेलं.

मेघना साहेबांना आणायला बारामतीला गेली आणि अप्पांनी परड्यातला सगळ्यात तगडा कोंबडा धरला. रंगुबाई, त्यांची बायको, म्हणाली, "आवं, ह्यो पोरीचा हाय."

"मग साहेबाला मरतुकडं घालू व्हय? कडं काढून ठिवतो, दुसऱ्याला घालंल ती."

साहेब पोटभर जेवले. "रस्सा फक्कड! आता तो कोंबडा दाखवा."

मेघनाची नजर कोनाड्यातल्या निळ्या कड्यावर गेली. मग अप्पांवर. ते पळी घेऊन उभे होते, कधी नव्हे इतके ताठ.

"तो मेला, साहेब," ती म्हणाली. "परवाच."

"म्हणजे लसच बाधली की!" साहेबांनी हात धुतले. काम तिथंच बंद पडलं. आपण कुठला कोंबडा कापला, ते अप्पांना तेव्हा कुठं उमगलं.

अप्पांवर रागवावं म्हणतो, पण रागावता येत नाही. राग येतो तो त्यांच्या घरचं पाणी टाळणाऱ्यांचा.

एवढंच मागणं आहे. कुणी विचारलं तर सांगा, लसीनं माझं काहीही बिघडलं नव्हतं. मी पाहुणचारानं मेलो.