गुनहिल्डचं दुखणं

"सुई टोचेल, मग कदाचित पोटात दुखेल," डॉक्टर हेडेनियस म्हणाले. "दुखलं की लगेच सांगा."

"सांगून सांगून तोंड दुखलं माझं," एक्स-रेच्या टेबलावर पडल्या पडल्या गुनहिल्ड म्हणाली.

खोटं नव्हतं ते. गेली चार वर्षं जेवण झालं की तिच्या उजव्या बरगडीखाली कळ उठायची आणि खांद्यापर्यंत चढायची. एक्स-रेच्या फोटोत पित्ताचे खडे दिसत नव्हते. एका डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याने 'वय झालं' म्हणून वाटेला लावलं. नवरा टूरे तर लोण्यातले बटाटे ताटात पडले की म्हणायचा, "झालं! बाईसाहेबांचं नाटक सुरू!" हल्ली तिलाही वाटू लागलं होतं, आपलंच डोकं फिरलंय.

"या औषधानं पित्ताशय आवळतं," डॉक्टर सांगत होते. "जेवल्यावर आपलं शरीर जे संप्रेरक सोडतं, तेच हे. डुकराच्या आतड्यातून काढतात."

"जठरालगतचा हातभर तुकडा? उकळून गोठवलेला?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"इथे स्टॉकहोमच्या कत्तलखान्यात अकरा वर्षं तोच धुतेय मी. प्रयोगशाळेत जातो, एवढंच सांगतात. कशासाठी, ते आज कळलं."

सुई टोचली. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. काहीच नाही. दुखलंच नाही तर? मग सगळे खरे, आणि आपण एकटीच खोटी.

तेवढ्यात कळ आली. आधी बरगडीखाली, मग खांद्यात.

"हीच!" ती ओरडली. "हीच ती, डॉक्टर!" कळेने वाकडी होत ती रडता रडता हसू लागली.

ओले फोटोच डॉक्टरांनी दिव्यासमोर धरले. "पित्ताशय आवळायला हवं होतं, पण जेमतेम हललंय. काढून टाकावं लागेल. तुम्ही सांगत होता ते खरं होतं, गुनहिल्डबाई."

तिने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. पाण्याने भेगाळलेले, खरखरीत हात. "देव तुमचं भलं करो," एवढंच कसंबसं म्हणाली. बाहेर थांबलेल्या टूरेला तिने सगळं सांगितलं.

बसथांब्यावर शेजारीण भेटली. "काय निघालं मग? काहीच नाही ना?"

गुनहिल्डने तोंड उघडायच्या आत टूरे बोलला. "पित्ताशय बिघडलंय. चार वर्षं सांगत होती ती. मीच ऐकलं नाही."

बस आली. टूरेने तिला खिडकीशी बसवलं. शेजारची जागा रिकामी होती, तरी तो टोपी हातात घेऊन घर येईपर्यंत उभाच राहिला.